बाईंच्या टेबलावरचा अर्ज

1968 साली मी पुण्याहून मिशिगन विद्यापीठात शिकायला गेलो, तेव्हा अ‍ॅन आर्बर धुमसत होतं. व्हिएतनाम युद्धाविरुद्धची पहिली ‘टीच-इन’ 1965 च्या मार्चमध्ये याच गावात झाली होती. प्राध्यापक आणि विद्यार्थी रात्रभर युद्धाबद्दल बोलत बसले होते. खोलीसाठी हिंडताना बऱ्याच दारांतून नकार ऐकले आणि शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने माडीवरची खोली दिली. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. माझ्यासाठी त्या ‘बाई’च.

बाई क्वेकर होत्या, युद्ध मुळातच नाकारणाऱ्या पंथाच्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी संध्याकाळी मुलं यायची. सक्तीच्या लष्करभरतीची, म्हणजे ड्राफ्टची नोटीस हातात आलेली किंवा येऊ घातलेली. बाई त्यांना कायदा समजावून सांगायच्या. विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी वेगळा अर्ज होता. तो मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा, यावर त्यांचा कटाक्ष असे. कुठून तरी उतरवलेलं भारदस्त वाक्य दिसलं की त्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून म्हणायच्या, “हे तुझं नाही.”

1 डिसेंबर 1969 ची रात्र. टीव्हीवर ड्राफ्टची सोडत. काचेच्या मोठ्या भांड्यात 366 निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. 1944 ते 1950 मध्ये जन्मलेल्यांचा नंबर त्यावर ठरणार होता. पहिली तारीख निघाली 14 सप्टेंबर. चौथी 14 फेब्रुवारी. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाची. तो काहीच बोलला नाही. बाई उठल्या, त्याच्यापुढे गरम कॉफी ठेवली आणि त्याच्या शेजारी बसून राहिल्या.

माझी तारीखही त्या भांड्यात होती. विद्यार्थी व्हिसावर मला ड्राफ्ट लागू नव्हता, पण मला डेट्रॉइटला नोकरी मिळत होती आणि ग्रीन कार्ड घेतलं की परदेशी माणसालाही लष्कर बोलावू शकत होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बाईंनी सांगितलं. माझा नंबर बराच मागे लागला. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर त्या म्हणाल्या, “नंबर मागे आला म्हणून प्रश्न सुटला असं नाही. तूही लिहून बघ.”

मी लिहिलं. बळाचा वापर कधी योग्य वाटतो, हा एक प्रश्न. माझे मामा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढलेले. हिटलरविरुद्ध मीही लढलो असतो, पण भातशेतीवर नापाम टाकणाऱ्या युद्धात नाही, असं मी लिहिलं. बाईंनी दोनदा वाचलं. रेघ कुठेच ओढली नाही. “खरं लिहिलंस. पण ड्राफ्ट बोर्ड मान्य करणार नाही,” एवढंच म्हणाल्या. कायद्याला सगळ्याच युद्धांना विरोध हवा होता. हे युद्ध नको, ते चालेल, अशी निवड मान्य नव्हती. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मी चांगला की वाईट, हे न ठरवता माझा विचार कायद्याच्या कुठल्या कलमाशी अडतो ते बाईंनी दाखवलं. इतक्या आदराने माझं म्हणणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या मुलाचा अर्ज मंजूर झाला. त्याने दोन वर्षं इस्पितळात रुग्णांची सेवा केली. एकाचा नामंजूर झाला, तो डेट्रॉइटचा पूल ओलांडून कॅनडात विंडसरला गेला. अध्यक्ष कार्टर यांनी 21 जानेवारी 1977 ला माफी दिली तेव्हा परत येऊ शकला, पण मधल्या काळात त्याचे वडील गेले होते. आणि एक जण अर्ज न करताच लढायला गेला. बाई त्याला दर रविवारी पत्र लिहीत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवरच्या 58 हजारांहून अधिक नावांत त्याचंही नाव आहे.

बाईंचं ऋण केवळ घरापुरतं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. 23 जून 1963 ला डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर लाखाहून अधिक माणसं चालली, त्यांत त्या होत्या. नागरी हक्कांच्या त्या चळवळीने जी हवा तयार केली, त्या हवेत 1965 चा स्थलांतर कायदा झाला. त्याआधी भारतीयांना वर्षाला जेमतेम 100 जणांचा कोटा होता. त्या कायद्याखालीच मला ग्रीन कार्ड मिळालं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांमध्ये आपल्या कष्टांच्या कहाण्या भरपूर येतात, आणि त्या खऱ्याही असतात. पण आपल्यासाठी आधी रस्त्यावर उतरलेल्या माणसांची नोंद त्यांत क्वचितच सापडते. माझ्या पिढीतल्या ज्यांना अशा कुणी बाई भेटल्या असतील, त्यांनी हात चालतोय तोवर लिहून ठेवावं.