घर दुरुस्तीला काढले तेव्हा

आमच्या लोधीखेड्यात मातीचे घर दुरुस्त करावयास काढणे म्हणजे हल्ली उपदेशास आमंत्रण देणेच होय. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या आळीतील बहुतेक घरांवर स्लॅब पडली. "गुरुजी, पाडा आणि एकदाचे पक्के बांधा," असे शाळेतील शिपायापासून नागपूरच्या मेहुण्यांपर्यंत सर्वांनी सांगून पाहिले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर मयाल आणि वर कवेलू, असे हे घर. दरवर्षी मृगाच्या आत कवेलू फेरावे लागतात, वानरे उड्या मारून ते फोडतात, आणि फेरणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही.

परंतु या घरात आमची चौऱ्याऐंशी वर्षांची आई राहते. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू लागले असते. काचबिंदूत मात्र डोळ्यामागची नस एकदा निकामी झाली की गेलेली नजर परतत नाही. असे असूनही या घरात ती आंधळी नाही. सपरीच्या खांबापासून सात पावलांवर माजघराचा उंबरठा, तेथून उजव्या हाताला खुंटी, पुढे देवळी, देवळीत काड्यापेटी आणि तिची तपकिरीची डबी. तिचा हात भिंतीवरून पुढे चालतो आणि पाय त्याच्या मागून येतात. हे घर पाडावयाचे म्हणजे या वयात तिला दुसऱ्यांदा आंधळे करणे! तेव्हा सौभाग्यवतींनी आणि मी ठरविले, की घर दुरुस्त करावयाचे. पण कोणतीही वस्तू जागची हलवावयाची नाही.

खरा रोग मागच्या भिंतीत होता. वडिलांच्या हयातीत एका ठेकेदाराने तिला सिमेंटची छपाई करून दिली होती. मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडून देते. सिमेंटने तिचे तोंडच बंद झाले. ओल आत कोंडली, आणि पोपडा खरवडला तेव्हा आतील माती भिजलेल्या भाकरीसारखी हाताला आली. "गुर्जी, भितीले बी श्वास लागते," असे आमचे वृद्ध मिस्त्री म्हणाले. शास्त्र याहून निराळे काही सांगत नाही.

फ्रान्समध्ये ल्याँ शहराच्या आसपासच्या खेड्यांतून ठोकून बसविलेल्या मातीची शेकडो वर्षांची घरे आजही नांदती आहेत. फ्रांस्वा क्वांतरो नावाच्या गृहस्थाने १७९० च्या सुमारास, म्हणजे तिकडे राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना, अशा बांधकामावर पुस्तिका लिहिल्या. राजसिंहासन डळमळत असता हा मनुष्य भिंतींचा विचार करीत होता, याचे मला मोठे कौतुक वाटते. आमच्या मिस्त्रींना हे सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, "तिकडं कुटार भेटते का?"

कुटार, शेण आणि गाळलेली माती यांचा चिखल तुडवून आठवडाभर मुरत ठेवला होता. त्याचा आंबूस वास घरभर भरून राहिला. चूल गुरांच्या रिकाम्या कोठ्यात मांडली होती. पहाटे पाण्याच्या आधी मजुरांचा चहा, मग अंगावरची धूळ झटकून मी शाळेत. परीक्षांचे दिवस असल्याने रजेचा प्रश्नच नव्हता. उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या की त्यांतूनही माती गळे. मिस्त्री बोलत मराठीत आणि हिशेब लिहीत हिंदीत. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले व आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतक्या उलाढालींनंतरही ओळंबा, थापी, खुंटी, उंबरठा हे शब्द आमच्या आळीत अजून मराठीच आहेत. माझी नात मात्र सुटीत आली की भिंतीला 'दीवार' म्हणते, आणि कवेलूंकडे बोट दाखवून "ये क्या है?" असे विचारते.

या सर्व काळात हाल झाले ते आईचे. कोठ्यात तिला भिंत ओळखीची नव्हती. दिवसभर ती खाटेवर बसून राही. रात्री पाण्यासाठी उठली की दोन पावलांवर थबकून मला हाक मारी. ज्या बाईने आयुष्यात कोणाजवळ पेलाभर पाणी मागितले नाही, तिची ती हाक ऐकवत नसे. पाऊस लवकर आला तर काय, या चिंतेने मी मे महिन्याच्या त्या उन्हात आकाशाकडे पाहत असे.

मृगाच्या चार दिवस आधी कवेलू चढले. भिंत वाळली, पांढऱ्या मातीचा हात फिरला. आईला सपरीच्या खांबाशी आणून उभे केले आणि आम्ही बाजूला झालो. ती चालू लागली. उंबरठा ओलांडला, खुंटी चाचपली, नव्या भिंतीवरून सावकाश हात फिरवीत देवळीपाशी आली आणि थांबली.

"वर गेली रे ही."

मिस्त्रींनी जुने माप घेतलेल्या काठीने मोजले. देवळीचा तळ खरोखरच दोन बोटे वर आला होता.

"माय, आत्ताच्या आत्ता खाली घेतो," असे म्हणून त्यांनी धुऊन ठेवलेली थापी पुन्हा हातात घेतली. आई तेथेच पाट मागवून बसली. काम पुरे झाल्यावर तिला स्वतः पाहावयाचे होते.