वऱ्हाडांतून नांदेडकडे

अमरावतीहून अकोल्यास आणि अकोल्याहून बाळापुरास जाणें हें वऱ्हाडच्या माणसाला प्रवास म्हणून सांगण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. कोणी लग्नाला जातो, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी शेगांवच्या दर्शनाला. दोहों बाजूंस कपाशीचीं नि तुरीचीं शेतें, मधून मधून बाभळी, एखादा ओढा, एवढेंच त्या वाटेचें वर्णन. परंतु १७०८ सालच्या पावसाळ्यांत शिखांचे दहावे गुरु श्रीगोविंदसिंह याच मुलखांतून नांदेडकडे गेले, आणि तोच त्यांच्या आयुष्यांतील शेवटचा प्रवास ठरला. त्या वाटेनें आपणही एकदां सावकाश जाऊन यावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. गेल्या श्रावणांत तो योग आला.

या परंपरेची पहिली खूण अमरावतींतच भेटते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं अनेक कुटुंबें अमरावतीस व अकोल्यास स्थायिक झालीं. अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प हीं नांवें त्या दिवसांची आठवण अजून जपून आहेत. सिंधमधील रूक स्टेशनावर १ नोव्हेंबर १९३९ रोजीं ज्यांची गोळ्या घालून हत्या झाली, त्या संत कंवरराम यांच्या नांवाचें धामही अमरावतींत आहे. हीं कुटुंबें बहुतेक हिंदु. पण नानकपंथाचा संस्कार त्यांच्यांत पिढ्यानुपिढ्यांचा आहे. म्हणून त्यांच्या दरबारांत देवांच्या तसबिरींशेजारीं गुरु ग्रंथसाहिबही विराजमान असतो. वर चांदवा, खालीं गादी, अंगावर रेशमी रुमाल, शेजारीं चवरी ढाळणारा सेवक. पहाटे ग्रंथ उघडावयाचा, रात्रीं सन्मानानें विसाव्याच्या जागीं न्यावयाचा. राजाला किंवा घरांतील वडील माणसाला द्यावा तसा हा मान एका पुस्तकाला कां मिळावा, या प्रश्नाचें उत्तर पुढच्या वाटेवर शोधावें लागतें.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूर मागें टाकून गाडी अकोल्यास येते. मोर्णेच्या कांठचा असदगड आज थकलेला दिसतो. पण औरंगजेबाच्या कारकीर्दींत, १६९७ सालीं बांधलेला हा कोट गुरु गोविंदसिंह या भागांत आले तेव्हां अवघा अकरा वर्षांचा होता. वऱ्हाड त्या वेळीं मोगलांचा सुभा होता, आणि बऱ्हाणपुराहून दक्षिणेकडे निघालेल्या फौजांना बाळापूर हें मोठें ठाणें होतें. शीख परंपराही गुरूंच्या या प्रवासांत बाळापूरचें नांव घेते.

अकोल्याहून बाळापूर सुमारें पंचवीस किलोमीटर. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर गांव वसलेलें आहे. किल्ल्याच्या पायथ्याशीं बाळादेवीचें देऊळ आहे; तिच्यावरूनच गांवाला नांव पडलें असें सांगतात. नदीकांठीं काळ्या दगडाची एक देखणी छत्री उभी आहे. शिवाजी महाराजांशीं पुरंदरचा तह करणारा मिर्झा राजा जयसिंह, त्याची ही छत्री. दख्खनच्या स्वारीवरून परततांना १६६७ सालीं तो बऱ्हाणपुरास वारला. श्रावणांत दोन्ही नद्यांना गढूळ पाणी होतें, आणि कांठच्या काळ्या मातींत पाऊल टाकलें कीं जोड्यासकट घोट्यापर्यंत रुतत होतें. ही माती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बादशाही छावणीनें १७०८ च्या जूनमध्यें तापी ओलांडली, आणि ती नांदेडला पोंचली ऑगस्टच्या अखेरीस. मृगापासून श्रावण-भाद्रपदापर्यंतचे हे दिवस. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे यांच्यासह एवढा मोठा लवाजमा ऐन पावसाळ्यांत या मातींतून कसा सरकत असेल, हें वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सांगावयास नको.

त्या छावणीबरोबर गुरु गोविंदसिंह होते. सोबत दोनतीनशें स्वार असल्याचें खाफीखान लिहितो. वय एकेचाळीस. या वयापर्यंत त्यांनीं जें सोसलें होतें तें ऐकलें म्हणजे मन सुन्न होतें. त्यांचा जन्म पाटण्यास २२ डिसेंबर १६६६ रोजीं झाला. वडील, नववे गुरु तेगबहादुर, यांचा १६७५ सालीं दिल्लीस औरंगजेबाच्या हुकुमानें शिरच्छेद झाला. त्या वेळीं मुलगा नऊ वर्षांचाही पुरा नव्हता, आणि त्याच वयांत गुरुपदाची जबाबदारी खांद्यावर आली. पुढें १७०४-०५ च्या सुमारास आनंदपूर सोडावें लागलें. चमकौरच्या लढाईंत अजितसिंह व जुझारसिंह हे वडील दोघे पुत्र पडले. जोरावरसिंह आणि फतेहसिंह हे धाकटे दोघे दहा वर्षांचेही नव्हते. सरहिंदचा सुभेदार वजीरखान यानें त्यांना भिंतींत चिणून मारविलें. त्यांच्याबरोबर कैदेंत असलेल्या आजी, माता गुजरी, यांनींही तेथेंच प्राण सोडला. थोड्याच दिवसांत आई आणि चारही मुलें गेलीं.

यानंतर गुरूंनीं औरंगजेबाला फारसी पद्यांत एक पत्र लिहिलें. तें जफरनामा या नांवानें प्रसिद्ध आहे. कुराणावर हात ठेवून घेतलेली शपथ तुझ्या माणसांनीं मोडली, असा त्यांत बादशहाला स्पष्ट जाब विचारलेला आहे. दयासिंह आणि धर्मसिंह हे दोघे शिष्य तें पत्र घेऊन थेट अहमदनगरच्या मुक्कामीं गेले. गुरुही भेटीसाठीं दक्षिणेकडे निघाले. पण वाटेंत राजस्थानांत असतांनाच बादशहा मार्च १७०७ मध्यें वारल्याची वार्ता त्यांना कळली. नवा बादशहा बहादुरशहा यानें आग्र्यास त्यांचा सन्मान केला, खिलत दिली. पुढें आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून जाण्यासाठीं तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हां गुरुही छावणीबरोबर निघाले. वजीरखानाला शिक्षा व्हावी, निदान प्रजेला न्याय मिळावा, ही आशा त्यामागें होती असें अनेक इतिहासकार मानतात. बोलणीं होत राहिलीं. निर्णय मात्र लागेना. महाराष्ट्रांतील वाचकांना हा काळ परका वाटूं नये. संभाजी महाराजांच्या क्रूर वधाला तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं, आणि मोगलांच्या कैदेंतून सुटलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक त्याच वर्षीं जानेवारींत साताऱ्यास झाला होता. पंजाबांत आणि दक्षिणेंत जखम एकाच हातानें केलेली होती.

बाळापूरच्या संगमावर उभें राहून विचार करतांना माझ्या मनांत येई तो असा. या माणसाला पोटचा वारस उरला नव्हता. गुरु नानकांपासून चालत आलेल्या पीठाचे ते दहावे पुरुष; पुढें कोण, हा प्रश्न प्रत्येक शिष्याच्या ओठांवर असलाच पाहिजे. मोठ्या पुरुषाच्या मागें गादीसाठीं काय काय होतें, हें आपल्याकडील मठांच्या, संस्थानांच्या आणि खरें सांगावयाचें तर एकत्र कुटुंबांच्याही इतिहासावरून आपण जाणतों. स्वतः शिखांच्या इतिहासांतही गादीवर हक्क सांगणारे चुलते-भाऊ मागें होऊन गेले होते. शिवाय वैरीही टपलेले. अशा वेळीं तो प्रश्न मनांत घेऊन एका माणसानें वऱ्हाडच्या चिखलांतून अडीच महिने वाट चालावी, हें चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीं.

उत्तराचें बीज मात्र नऊ वर्षांपूर्वीं पडलेलें होतें. १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरास गुरूंनीं भर सभेंत, उपसलेली तलवार हातीं धरून, आपलें मस्तक कोण देतो असें विचारलें. एकामागून एक पांच जण पुढें आले. त्यांत लाहोरचा खत्री होता, हस्तिनापुरचा जाट होता, जगन्नाथपुरीचा पाणक्या होता, द्वारकेचा कापड छापणारा होता, आणि आपल्या शेजारच्या बिदरचा एक न्हावीही होता. त्या पांचांना अमृत देऊन गुरूंनीं खालसा पंथ उभा केला, आणि मग हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतलें. शिष्यांपुढें गुरु शिष्य झाला. ज्याला हें साधलें, त्याच्या दृष्टीनें गादी म्हणजे रक्ताचा वारसा राहिला नव्हता.

अकोल्याहून पुढची वाट दक्षिणेस वळते. पातूरचा घाट चढून वाशीम लागतें. १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांतच होतें. वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी ती हीच. मग पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड सुटतें आणि मराठवाड्यांतील हिंगोली येते. हिंगोलीजवळ नर्सी हें लहानसें गांव आहे, आणि तेथें या प्रवासाचें रहस्य एकदम उलगडल्यासारखें वाटतें. कारण नर्सी हें नामदेवांचें जन्मगांव म्हणून ओळखलें जातें. १२७० सालीं जन्मलेले हे शिंपी कुळांतील संत, ज्ञानदेवांचे सोबती, पुढें उत्तरेकडे गेले. पंजाबांतील गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान हें गांव त्यांच्या वास्तव्याची साक्ष देतें, आणि २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथें भरलें होतें. पांचवे गुरु अर्जुनदेव यांनीं १६०४ सालीं ग्रंथसाहिबाची संहिता सिद्ध केली, तींत नामदेवांचीं एकसष्ट पदें आदरानें घेतलीं. गुरूंच्या वाणीबरोबर कबीर विणकर, रविदास चांभार, नामदेव शिंपी, शेख फरीद मुसलमान, हे सर्व त्या ग्रंथांत एका पंगतीला बसलेले आहेत. वडील तेगबहादुर यांचीं पदें गोविंदसिंहांनीं त्यांत घातलीं. स्वतः उत्तम कवि असूनही आपली रचना मात्र घातली नाहीं.

नांदेडला गोदातीरीं गुरूंनीं मुक्काम केला. माधोदास नांवाचा एक बैरागी तेथें मठ करून राहिला होता. तो त्यांचा शिष्य झाला, आणि बंदा या नांवानें पंजाबास रवाना झाला. वजीरखानाला जें शासन बादशहानें केलें नाहीं, तें १७१० सालीं या बंद्यानें रणांगणावर केलें. तें पाहावयास गुरु राहिले नव्हते. वजीरखानाच्या चिथावणीनें आला असें मानल्या जाणाऱ्या एका पठाणानें त्यांना दगा देऊन भोसकलें. जखम शिवली, भरतही आली; परंतु एक भारी धनुष्य ओढतांना ती पुन्हां फुटली. अंत जवळ आला हें ओळखून त्यांनीं ग्रंथ आणविला, त्यापुढें मस्तक ठेविलें, आणि यापुढें देहधारी गुरु नाहीं, हा ग्रंथ हाच गुरु, असें शिष्यांस सांगितलें. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांचा देह पडला. वैऱ्याला मारतां येणार नाहीं, भाऊबंदांना वाटून घेतां येणार नाहीं, असा वारस त्यांनीं निवडला. आणि त्या क्षणीं ज्या वाणीपुढें त्यांचें मस्तक लवलें, तींत नर्सीच्या नामदेवांची वाणीही होती. मराठी मुलखांतून पंजाबांत गेलेला शब्द चार शतकांनीं गुरु होऊन गोदाकांठीं परत आला.

महाराजा रणजितसिंहांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलेला नांदेडचा गुरुद्वारा आज सचखंड श्रीहजूरसाहिब म्हणून विख्यात आहे. सेवेसाठीं गोदावरीचें पाणी घागरींतून रोज आणलें जातें, हें पाहून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना घरच्यासारखें वाटेल. त्याहून विचार करावयास लावतो तो लंगर. पंजाबचा जमीनदार, नांदेडचा हमाल, वाशीमहून आलेली शेतकरीण, सर्व एका ओळींत जमिनीवर बसतात. वाढणारा कोण, हें कोणी विचारीत नाहीं. जेवणाऱ्याला कोणी आडनांव विचारीत नाहीं. त्या पंगतींत माझ्या शेजारीं बसलेल्या वृद्ध शीख गृहस्थांनीं दोन्ही हात पुढें करून पोळी घेतली आणि मलाही खुणेनें तसेंच करावयास सांगितलें. येथें पोळी ताटांत टाकलेली नको, प्रसाद म्हणून ओंजळींत घ्यावयाची. सोंवळ्याओंवळ्याच्या आणि पानांच्या मानाच्या पंगती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ही ओंजळ बराच वेळ पुरते.

ग्रंथाला गुरु मानणें आपल्याला अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. याच वऱ्हाडांतील कारंजा ही श्रीनृसिंहसरस्वतींची जन्मभूमि, आणि त्यांच्या गुरुचरित्राची पोथी चौरंगावर मांडून सात दिवसांचें पारायण करणारीं घरें अमरावतींत नि अकोल्यांत अजून पुष्कळ आहेत. फरक एवढाच जाणवतो कीं ती पोथी आपण संकटीं उघडतों आणि सप्ताह संपतांच वस्त्रांत बांधून देव्हाऱ्यांत ठेवतों. तेथें ग्रंथ रोज पहाटे उघडतो आणि त्या दिवसाचें वचन घरांतील लहानथोर सर्व ऐकतात. बाळापूरच्या वाटेनें गेलेल्या त्या पुरुषानें मागें ठेविली ती आज्ञा पूजेपेक्षां ऐकण्याची अधिक होती. त्या ग्रंथांतील एकसष्ट पदें तर आपल्याच नामदेवांचीं. तीं देवनागरींत छापलेलीं मिळतात. एखाद्या घरांत सायंकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांतील एक रोज वाचलें गेलें, तर नांदेडला जावयाची गाडी चुकली तरी चालेल.