अम्मींची नळी

अम्मींची उजवी बाजू लुळी पडली, तसं गिळणंही गेलं. मी बिस्मिल्लाह म्हणत चमच्याने पेज भरवायचे आणि दर घासाला ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे फुप्फुसात जातंय. नाकातून नळी घालू." मायेने भरवत होते मी! खाला रडू लागल्या. त्यांच्या लेखी नळी म्हणजे शेवट.

मी अम्मींजवळच उभी राहिले. सिस्टरांनी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी मोजली, खूण केली, जेली लावली. भूल नाही, चिरफाड नाही. "हनुवटी खाली, गिळा, गिळा" म्हणत ती सरकवली. घशाशी उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, अम्मींनी डाव्या हाताने माझं मनगट आवळलं. काही मिनिटांत झालंसुद्धा. मग एक्स-रे. नळी पोटातच आहे अशी खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. तुमच्या घरी वेळ आली तर हे विचारून घ्याच.

पुढचं सगळं घरी शिकलो. भरवताना आणि नंतर तासभर उशाकडची बाजू उंच ठेवायची, आधी-नंतर नळीत पाणी सोडायचं. डाळीचं पाणी आता खालाच गाळतात, दोनदा.

रमजानात मगरिबची अजान झाली. माझ्या ताटलीतल्या खजुराकडे अम्मींनी बोट केलं. मला भरून आलं. नाही म्हणून मी मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने ताटली माझ्याकडे सरकवली. मी रोजा सोडायची राहिले होते.