लेंडी नाल्याची बहीण

जर्मनीतल्या एसेन शहरी गेलेल्या पाहुण्याला दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. पण माझ्या भाच्याने मला नेले ते थेट सांडपाण्याकडे! तिकडच्या एका शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला आहे. "मामा, राजवाडे काय, सगळेच पाहतात. तुम्हांला आमची एम्शर दाखवतो," असे म्हणून त्याने गाडी काढली.

एम्शर ही रूर भागातली लहानशी नदी. कोळशाच्या खाणींमुळे इथली जमीन सारखी खचे. जमिनीखाली गटारे घालावीत, तर ती फुटायची. म्हणून १८९९ साली गावे, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक संस्था काढली आणि चक्क नदीचेच उघडे गटार केले! लोक तिला 'क्योटलबेक' म्हणत. अर्थ विचारला, तर ती आपल्या लेंडी नाल्याची सख्खी बहीणच निघाली.

याच संस्थेत १९०६ साली कार्ल इम्हॉफ नावाचा अभियंता आला. सांडपाण्यातला गाळ खाली बसवून तिथेच कुजवणारी दुमजली टाकी ही त्याची कल्पना. त्याच्याच नावाचे काचेचे भांडे भाच्याने माझ्यापुढे ठेवले. विदूषकाची टोपी उलटी धरावी तसा शंकू. खाली निमुळत्या टोकाशी मिलिलिटरच्या बारीक रेघा. त्यात त्याने ढवळलेले लिटरभर सांडपाणी ओतले आणि घड्याळ लावले. पाऊण तासाने काचेला चिकटलेले कण कांडीने हलकेच सोडवले. आणखी पंधरा मिनिटे थांबला. तळाशी काळपट गाळ साचला होता. रेघ वाचली : ९ मिलिलिटर. शेजारच्या शंकूत शुद्ध करून सोडलेले पाणी होते; त्याच्या टोकाशी काहीच दिसेना.

"पहिल्या शंकूतलेही वरचे पाणी निवळले की रे!" मी म्हणालो.

"तिथेच माणूस फसतो, मामा. विरघळलेली घाण कधी तळाशी बसत नाही. तिच्यासाठी जंतूंना राबवावे लागते."

संध्याकाळी आम्ही एम्शरच्या काठी गेलो. खाणी सरल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ पासून या लोकांनी नदी सोडवायचे काम हाती घेतले. ५१ किलोमीटरची मोठी गटारवाहिनी जमिनीखालून नेली आणि २०२१ अखेर एम्शरमध्ये सांडपाणी सोडणे थांबले. काठावर गवत माजले होते, पाण्यावर बदके होती. मी वाकून हात बुडवला, आणि एकदम वडील आठवले. त्यांच्या अस्थी मुठेत सोडताना बोटे भिजू नयेत म्हणून मी कलश दुरूनच उलटा केला होता. ज्या नदीत ते लहानपणी पोहायला शिकले, तिला शिवायची मला किळस वाटली होती.

"एक शंकू पुण्याला नेईन म्हणतो," मी हात पुसत म्हणालो.

भाचा क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, शंकू पुण्यातही मिळतात."