मामू, फंडिंग मिल गई

मागच्या थंडीत एका रात्री इशाच्या नमाजनंतर भाचा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. म्हणाला, "मामू, फंडिंग मिल गई. पचास हजार डॉलर!"

पन्नास हजार डॉलर म्हणजे आपले चाळीस लाखांच्या वर. त्याच्या अब्बांनी आमच्या मनमाडच्या एफसीआय गोदामात आयुष्यभर पोती वाहिली, त्यांना कधी बँकेने चाळीस हजारांचं कर्ज हसत दिलं नाही. आणि या पोराला शिकागोच्या बाजारात ट्रेडिंग करायला कुणीतरी एवढी रक्कम देतंय, तेही चेहरा न बघता. मी पेढा खाल्ला. खोटं कशाला सांगू, मलाही कौतुक वाटलं.

कौतुकाला आणखी एक कारण होतं. पहिली फी माझ्या कार्डावरून गेली होती. त्याच्या कार्डावर डॉलरचा व्यवहार होत नव्हता. मी उर्दू शाळेत मराठी शिकवणारा मास्तर, शेअर बाजार मला पेपरातल्या एका पानापुरता ठाऊक. 'परीक्षेची फी' हा शब्द ऐकला आणि कार्ड काढून दिलं. परीक्षा म्हटलं की आम्ही विरघळतो.

या कंपन्यांचं काम असं चालतं. तुम्ही १५० डॉलरच्या आसपास फी भरायची, म्हणजे तेरा हजार रुपये. मग आभासी खात्यावर ट्रेडिंग करून ३ हजार डॉलर नफा दाखवायचा. मधे २ हजारांच्या वर तोटा झाला की नापास, पुन्हा फी. पास झालात तर 'फंडेड' खातं मिळतं आणि नफ्यातले ८०-९० टक्के तुमचे. फ्युचर्स म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आज ठरवलेला भाव. हे आपल्याकडे कांद्यावरून लवकर कळतं. गंमत म्हणजे शिकागोच्या याच बाजारात एकेकाळी कांद्याचे फ्युचर्स चालत. १९५५ च्या सुमारास दोन व्यापाऱ्यांनी कांदा साठवून भाव असे पाडले की कांद्यापेक्षा गोणी महाग झाली. १९५८ मध्ये अमेरिकेने कायदा करून कांद्याचे फ्युचर्सच बंद केले, ते आजही बंद आहेत. लासलगावच्या ओट्यावर हे सांगितलं तर शेतकरी विचारतील, तो कायदा करणारा खासदार कुठं भेटेल?

भाच्याचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता. "मामू, ये तो मुदारबत है. पैसा उनका, मेहनत मेरी. नुकसान हुआ तो उनका."

मला उत्तर सुचेना. मुदारबत आपल्याकडे इज्जतीची गोष्ट. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामला व्यापाराला गेले, ते याच पद्धतीने. भांडवल एकाचं, कष्ट दुसऱ्याचे, नफा ठरलेल्या हिश्श्याने. तोटा आला तर भांडवलवाल्याचा, कष्ट करणाऱ्याची फक्त मेहनत वाया. हातात नसलेला माल विकण्याला मनाई असल्यामुळे बहुतेक उलेमा फ्युचर्सलाच नाजायज म्हणतात, तेही मी त्याला सांगितलं. पण माझं मन अडलं ते दुसरीकडे.

एका रविवारी त्याला वही घेऊन बसवलं. पन्नास हजारांच्या खात्यात किती बुडवायची मुभा आहे? २ हजार. मग खातं २ हजारांचंच झालं की! बाकीचे ४८ हजार नुसते दिसायला. तो ज्यात खेळत होता त्या नॅस्डॅकच्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक पॉइंट २० डॉलरचा. म्हणजे शंभर पॉइंट उलटे गेले की खेळ खलास. तेवढे पॉइंट कधी कधी चहा गाळेपर्यंत जातात.

त्यातही ही मर्यादा एका जागी थांबत नाही, नफ्याच्या मागे वर सरकते. फंडेड खातं ५१,४०० वर गेलं तशी मर्यादाही ४८,००० वरून ४९,४०० वर आली. दोन रात्रींनी खातं तिथवर घसरलं आणि बंद झालं. मुळातले फक्त ६०० डॉलर गेले होते. पैसे काढायला नफ्याचे ठरावीक दिवस भरावे लागतात, ते भरले नव्हते. त्यामुळे हातात शून्य.

"आणि ते पैसे खरे होते का रे?" मी विचारलं. त्याने नियमावली उघडून दाखवली. फंडेड खातंसुद्धा आभासी. अशा बऱ्याच कंपन्यांमध्ये हीच रीत आहे. म्हणजे खरा पैसा एकाच दिशेने वाहिला होता, मनमाडहून तिकडे. भांडवल त्यांचं नव्हतंच, आमच्यासारख्यांची फी हेच भांडवल. मुदारबतमध्ये मालवाला कष्टकऱ्याच्या बरकतीची दुआ करतो. इथे पोरगं नापास झालं की पुन्हा फी.

आपल्याकडच्या बाजाराचे आकडेही मी शोधले. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ या एका वर्षात प्रोप्रायटरी ट्रेडर्सना, म्हणजे स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या संस्थांना, ३३ हजार कोटींचा ढोबळ नफा झाला. त्यातला ९६ टक्के अल्गोरिदमवरचा. भाचा 'प्रॉप फर्म' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर या संस्था असतात. त्या कुणाकडून तेरा हजार घेऊन नोकरी देत नाहीत.

त्याने एकूण चार वेळा फी भरली. पहिली माझी. बाकी तीन म्हणजे ३९ हजार आले आपाच्या बीसीतून. लेकीच्या डी.एड.साठी बीसी उचलून तिने ६० हजार याच्याकडे बँकेत टाकायला दिले होते. दुसऱ्या वेळी तो पास झाला, म्हणून पेढे. तिसऱ्या-चौथ्या वेळी काय झालं ते मला रविवारीच कळलं. रात्री आठला तिकडचा बाजार उघडायचा, हा दीड-दोनपर्यंत जागा. आपाला वाटायचं, पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय.

वही मिटताना तो हळूच म्हणाला, "बस एक बार और, मामू. अब रूल समझ में आ गए." मी कार्ड दिलं नाही. पण आवाज चढवायचा हक्कही मला वाटेना.

डी.एड.ची फी जुलैत भरायची आहे. ३९ हजारांचं आपाला तो स्वतः सांगणार आहे, मी शेजारी बसायचं असं ठरलंय. पहिल्या तेरा हजारांचं मला सांगायचं आहे.