पडलेल्या घरावरून मोजलेला वारा

एप्रिलच्या दुपारी रायपूरच्या एखाद्या मैदानात वावटळ उठली की कोणीतरी तिचे चित्रण पाठवून विचारतो, ‘सर, हा टोर्नेडो का?’ नाही. वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, तिच्या डोक्यावर बहुधा ढगही नसतो. टोर्नेडो, म्हणजे घूर्णवाती वादळ, गडगडाटी ढगाला जोडलेले असते.

जमिनीलगतचा वारा आणि काही किलोमीटर उंचीवरचा वारा यांची दिशा व वेग भिन्न असले, की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरते. ढगात चढणारा झोत हे लाटणे उभे करतो. भोवरा ताणला जाऊन अरुंद होतो तसा त्याचा वेग वाढतो. कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचे इतके भयंकर प्रात्यक्षिक दुसरे नसेल. तरीही असे बहुतेक फिरते ढग टोर्नेडो न घडवताच विरतात.

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असते. पाऊस वाटेतच सुकतो, गारठलेली हवा खाली कोसळून चहूकडे पसरते आणि आपल्या वाट्याला आंधी येते. बंगालच्या उपसागराची दमट हवा जिथे दाट, तिथे धोका अधिक. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे गेली. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडीतल्या मैनागुडीलाही असाच तडाखा बसला.

तीव्रतेची मोजणी मला पदार्थविज्ञानाचा अभ्यासक म्हणून अस्वस्थ करते. वारा सहसा मोजलाच जात नाही. टेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली श्रेणी नासधुशीवरून वेग ताडते. अमेरिकेने २००७ पासून तिची सुधारित आवृत्ती स्वीकारली: ० ते ५ श्रेणी, २८ प्रकारच्या वास्तू व झाडे, आणि पाचवी श्रेणी ताशी ३२२ किलोमीटरहून अधिक वाऱ्याची. पण त्या वास्तू अमेरिकेतल्या. मातीच्या भिंती आणि खपरेलचे छप्पर पुष्कळ कमी वाऱ्यातच भुईसपाट होते. त्यानंतर वारा कितीही वाढो, ढिगारा तेवढाच दिसतो. मग श्रेणी खालची लागते आणि मृतांचा आकडा मात्र मोठा असतो. आपल्याला साल, मोह, विजेचे खांब, पत्र्याची दुकाने यांची स्वतःची सारणी हवी.

पुढची आंधी ओसरल्यावर, तुटलेल्या तारांपासून दूर राहून, झाडे कोणत्या दिशेला पडली ते साफसफाईपूर्वी टिपून ठेवा. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पसरून पडली असतील तर ती आंधीच. एका रेषेच्या दोन्ही बाजूंनी आत वळून पडलेली दिसली, तर मात्र मला लगेच कळवा.