ग्वाल्हेरच्या नावाची जहाजे

ग्वाल्हेरास समुद्र नाही. गडावरून दृष्टी कितीही लांब टाकली तरी दिसतो तो माळ, ओहोळांच्या घळी आणि उन्हाने तापलेला दगड. तथापि आम्हां येथील कित्येक मराठी घराण्यांचे कुळाचार समुद्रकाठी रुजलेले आहेत. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरीचे. त्यांच्यासारखीच कोकण-गोमंतकातील अनेक मंडळी शिंदेशाहीच्या आश्रयास उत्तरेत आली. आमचा कुलस्वामी श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी ओलांडून प्रियोळास गेला. ज्यांच्या देवांनीही पाणी ओलांडले, त्यांस जहाजांच्या कथा परक्या कशा वाटाव्यात?

या कोरड्या राजधानीचे नाव समुद्राशी जोडले गेले ते माधवराव महाराज शिंदे यांच्यामुळे. कॅनडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही आगबोट १८९१ पासून हाँगकाँग, जपान व व्हँकुव्हर या मार्गावर चालत असे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा महाराजांनी ती विकत घेतली. तिचे नामांतर 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा, असे झाले आणि जखमी सैनिकांसाठी इस्पितळी जहाज म्हणून ती राबली. पुढे १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी तीच आगबोट महाराजांकडून घेतली व आपल्या नव्या कंपनीस 'सिंदिया' हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. राजनिष्ठेच्या नावाचे जहाज असे स्वदेशीच्या कामी आले!

परंतु जहाज वृद्ध झालेले, कोळसा फार खाणारे. १९२३ मध्ये ते मुंबईसच मोडीत निघाले. तिच्या दोघी बहिणींपैकी 'एम्प्रेस ऑफ चायना' १९११ साली जपानच्या किनाऱ्यालगत खडकावर चढून नष्ट झाली, तर 'एम्प्रेस ऑफ जपान' व्हँकुव्हरास भंगारात गेली. तिच्या नाळेवरील काष्ठमूर्ती मात्र त्या नगरीने आदराने जपली. आमच्या 'लॉयल्टी'चाही अगदीच विसर पडला नाही. तिच्या प्रस्थानाचा दिवस, ५ एप्रिल, १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मोडीत निघालेल्या जहाजास असा एक दिवस लाभला. जी खरोखरच बुडाली त्यांस कोणता? सिंदिया कंपनीच्या जहाजांची नावे 'जल' या शब्दाने सुरू होत. त्यांपैकी 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' ही तीन जानेवारी १९४२ मध्ये, जेमतेम पंधरवड्याच्या अवधीत, सुमात्राच्या बाजूस व बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुड्यांनी बुडविली. ही लढाऊ जहाजे नव्हती. माल वाहणारी होती. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे नाव धारण करणाऱ्या कंपनीची ही जहाजे, पण ग्वाल्हेरात त्यांचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नाही.

कोकणात 'रामदास' बोटीचे नाव काढताच वडीलधारी माणसे गप्प होतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना ती उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या होती, सणाला घरी निघालेली माणसे होती. म्हणून ते दुःख घरोघरी राहिले. 'जल' जहाजांवरील माणसे घरापासून फार दूर, युद्धाच्या धामधुमीत गेली. त्या काळी आगबोटींवरील खलाशी कोणी रत्नागिरीकडील, कोणी कच्छचे, कोणी सिल्हेटचे, तर कोणी गोमंतकीय असत. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू. एकाच गावाचे, एकाच जातीचे नव्हते. म्हणूनच कदाचित त्यांच्यासाठी रडणारा एक समाज उभा राहिला नाही.

समुद्रोल्लंघन केल्याबद्दल आपल्याच माणसांकडून प्रायश्चित्त घेवविणारा आमचा समाज! तोच आज किनाऱ्यावरील प्रत्येक बंदराकडे अभिमानाने पाहतो. तो अभिमान ज्यांच्या श्रमावर उभा आहे, त्यांचे ऋण फेडण्याची सोय मात्र आपल्या धर्माने फार पूर्वीच करून ठेवली आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने वा घाताने मेलेल्यांची. ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. आणि तर्पणात तर ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांस पाणी दिले जाते. तेथे जात, गोत्र अथवा पंथ कोणी विचारीत नाही.

कोणी म्हणेल, जे पाण्यातच विसावले त्यांस पुन्हा पाण्याची ओंजळ कशाला? आम्हांस वाटते, समुद्राचे पाणी त्यांस कोणी दिले नव्हते. ते त्यांच्यावर कोसळले. ओंजळीतले पाणी कोणीतरी आठवणीने देतो, एवढाच काय तो भेद, आणि तो थोडा नव्हे. येत्या पितृपक्षात आमच्या मंडळींनी आपल्या पितरांच्या मागोमाग ही तीन नावे उच्चारावीत: जलराजन, जलतरंग, जलपालक. ग्वाल्हेरास समुद्र नाही हे खरे; पण ओंजळभर पाणी येथेही मिळते.